गेम अडखळतो कुठे? जुना संगणक सुधारण्याचे शास्त्र



अशी कल्पना करा, की राहुरी तालुक्यातील एका घरात २०१७ साली घेतलेला एक संगणक आहे. थोरली ताई तेव्हा स्थापत्य अभियांत्रिकी शिकत होती. इमारतींचे आराखडे काढायचे म्हणून त्यात एक ग्राफिक्स कार्डही बसवून घेतले होते. ताई आता नोकरीला लागली आणि संगणक नववीतल्या धाकट्या भावाकडे आला. शाळेचे प्रकल्प, अभ्यासाचे व्हिडिओ हे सारे त्यावर होतेच. पण खरे सांगायचे तर संध्याकाळी तासभर गेम खेळायला मिळतो, हेच त्याला त्याचे मोठे अप्रूप!

अलीकडे मात्र गेम अडखळू लागला आहे. शर्यतीतली मोटार वळणावर आली, की चित्र क्षणभर गोठते आणि पुन्हा हलू लागते तेव्हा मोटार खड्ड्यात गेलेली असते. घरच्यांनी मिळून १२,००० रुपये बाजूला काढले आहेत. यापेक्षा जास्त निघणार नाहीत, हे आईने आधीच बजावले आहे. दुकानदार म्हणतो, “हा डबा काढून टाका, नवा घ्या.” एक मित्र म्हणतो, “ग्राफिक्स कार्ड बदल.” दुसरा म्हणतो, “रॅम वाढव, सगळे ठीक होईल.” आता कोणाचे ऐकावे बरे?

उत्तर असे, की यांपैकी कोणाचेच आधी ऐकू नये. पैसे कुठे खर्च करायचे, हे त्या संगणकालाच विचारावे. तो बोलत नाही हे खरे. पण त्याला प्रश्न विचारण्याची एक रीत आहे. त्या रीतीलाच आपण प्रयोग म्हणतो.

कारखान्याचे गाळप कोण ठरवते?

आपला अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचा अहमदनगर जिल्हा, साखर कारखान्यांचा जिल्हा आहे. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगरचा सहकारी कारखाना १९५० साली सुरू झाला, हे तुम्ही पुस्तकात वाचले असेलच. हंगामात असा एखादा कारखाना जवळून पाहिला असेल, तर आपला प्रश्न निम्मा सुटलाच म्हणायचा.

उसाची मोळी गव्हाणीत पडते. तिथून ऊस चरकात जातो, त्याचा रस निघतो. रस शुद्ध करतात, आटवतात, त्याचे दाणे तयार करतात आणि शेवटी गरगर फिरणाऱ्या यंत्रांत मळी वेगळी होऊन साखर मिळते. समजा, एका कारखान्यात चरकांची शक्ती दिवसाला ४,००० टन उसाची आहे, रस आटवणाऱ्या विभागाची ३,५०० टनांची आणि साखर वेगळी करणाऱ्या यंत्रांची फक्त २,५०० टनांची. मग हा कारखाना दिवसाला किती ऊस संपवील? अर्थातच २,५०० टन. चरक मोकळा असूनही त्याला थांबावे लागेल.

अशा वेळी कोणी कर्ज काढून ६,००० टनांचा नवा चरक आणला तर? काहीच फरक पडणार नाही. पैसे गेले, गाळप तेवढेच! उलट, साखर वेगळी करणारी यंत्रे वाढवून ती ५,००० टनांची केली, तर गाळप वाढेल. पण ५,००० नव्हे, ३,५०० टनांपर्यंतच. कारण आता अडचण रस आटवण्याच्या ठिकाणी सरकली.

या लहानशा हिशेबात दोन नियम आहेत. पहिला असा, की साखळीचा वेग तिच्यातील सर्वांत हळू कडी ठरवते. दुसरा असा, की ती कडी सुधारली की दुसरी कुठली तरी कडी सर्वांत हळू ठरते. जुना संगणक सुधारण्याचे सारे शास्त्र या दोन नियमांत सामावलेले आहे.

एक चित्र तयार होताना

गेममध्ये आपल्याला जी हालचाल दिसते, ती खरे तर एकामागून एक येणाऱ्या स्थिर चित्रांची मालिका असते. अशा एका चित्राला ‘फ्रेम’ म्हणतात. सेकंदाला ६० फ्रेम आल्या तर हालचाल सलग वाटते, ३० वर ती चालण्याजोगी असते आणि त्याखाली गेली की डोळ्यांना खटकू लागते.

सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे एका फ्रेमसाठी किती वेळ? १,००० मिलिसेकंदांना ६० ने भागा. उत्तर येते सुमारे १६.७ मिलिसेकंद. एवढ्या वेळात दोन मोठी कामे व्हायला हवीत. पहिले काम प्रोसेसरचे. मोटार कुठे आहे, ती कशाला धडकली का, समोरचा गडी काय करणार, हे सारे तो ठरवतो आणि चित्रात काय काय काढायचे याची यादी करतो. दुसरे काम ग्राफिक्स कार्डाचे. त्या यादीप्रमाणे पडद्यावरील प्रत्येक ठिपक्याचा रंग ते काढते.

ही दोन कामे वेगवेगळ्या यंत्रांकडे का दिली आहेत? पूर्ण एचडी पडद्यावर आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके असतात. गुणाकार करा: २०,७३,६०० ठिपके! पण एका ठिपक्याचा रंग काढायला शेजारच्या ठिपक्याची वाट पाहावी लागते असे सहसा नसते. उसाच्या फडात एकाच वेळी वीस कोयते लावता येतात, तसेच हे. म्हणून ग्राफिक्स कार्डात लहान लहान गणकांची मोठी टोळीच असते. २०१६ साली बाजारात आलेल्या ‘जीटीएक्स १०५० टीआय’ या कार्डात असे ७६८ गणक आहेत. त्याच सुमाराच्या ‘कोअर आय-५ ६५००’ या प्रोसेसरमध्ये मात्र गाभे फक्त चार. हे चार गाभे हुशार असतात. ते टोळीचे मुकादम समजा. मुकादमाने काम वाटून देण्यास उशीर केला तर टोळी बसून राहते आणि टोळीच अपुरी असेल तर मुकादम वाट पाहत उभा राहतो.

आपल्या राहुरीच्या संगणकात हाच प्रोसेसर आणि हेच कार्ड आहे, असे धरू. सोबत ८ जीबी रॅमची एकच पट्टी आणि जुनी फिरती हार्ड डिस्क आहे.

आता एक हिशेब पाहा. समजा, एका फ्रेमसाठी प्रोसेसरला १२ मिलिसेकंद लागतात आणि कार्डाला ३०. दोघे आपापली कामे एकाच वेळी करीत असतात. कार्ड ही फ्रेम रंगवते तेव्हा प्रोसेसर पुढच्या फ्रेमची तयारी करतो. म्हणून दर ३० मिलिसेकंदांनी एक, म्हणजे सेकंदाला ३३ फ्रेम मिळतील. समजा, कोणी नवे महागडे कार्ड बसवले आणि त्याला फक्त ८ मिलिसेकंद लागू लागले. आता १,००० भागिले ८, म्हणजे १२५ फ्रेम मिळतील काय? नाही! आता प्रोसेसरचे १२ मिलिसेकंद आडवे येतील आणि ८३ फ्रेमच मिळतील. म्हणजे १२ मिलिसेकंदांचे कार्ड घेतले असते तरी निकाल जवळजवळ तोच आला असता आणि पैसे पुष्कळ वाचले असते.

संगणकाला प्रश्न विचारू या

अडचण प्रोसेसरची की कार्डाची, हे शोधण्याचा एक सुंदर प्रयोग आहे. त्याला एक पैसाही लागत नाही.

बहुतेक गेममध्ये सेकंदाला किती फ्रेम येत आहेत तो आकडा पडद्यावर दाखवण्याची सोय असते. ती सुरू करा. गेममधला एकच ठरावीक भाग तीन वेळा खेळून सरासरी आकडा वहीत लिहा. नंतर गेमच्या सेटिंगमध्ये जाऊन ठिपक्यांची संख्या १,९२० गुणिले १,०८० वरून १,२८० गुणिले ७२० करा आणि तोच भाग पुन्हा तीन वेळा खेळा. बाकी काहीही बदलू नका. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा प्रयोगाचा पहिला धर्म होय.

आता विचार करा. ठिपके २०,७३,६०० वरून ९,२१,६०० झाले, म्हणजे कार्डाचे काम निम्म्याहूनही कमी झाले. प्रोसेसरचे काम मात्र जवळजवळ तेवढेच राहिले. कारण मोटारीची टक्कर मोजताना पडद्यावर ठिपके किती आहेत याच्याशी त्याला कर्तव्य नसते. म्हणून फ्रेमचा आकडा भराभर वाढला, तर अडचण कार्डाची. तो जागचा हलला नाही, तर अडचण प्रोसेसरची किंवा रॅमची. आहे की नाही गंमत!

दुसरी तपासणीही सोपी आहे. विंडोजवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या, की ‘टास्क मॅनेजर’ उघडतो. गेम चालू ठेवून त्यात रॅम किती भरली आहे आणि डिस्क किती व्यस्त आहे ते पाहा. रॅम काठोकाठ भरलेली आणि डिस्क सतत शंभर टक्क्यांवर, असे दिसले तर मोटार वळणावर का गोठते, याचा उलगडा झालाच म्हणून समजा.

रॅम भरली की काय होते?

रॅम म्हणजे संगणकाचे कामाचे टेबल, तर डिस्क म्हणजे कोठी. टेबलावर जागा उरली नाही, की काही वस्तू कोठीत नेऊन ठेवाव्या लागतात आणि लागल्या की पुन्हा आणाव्या लागतात. आता कोठी किती लांब आहे ते पाहू.

फिरत्या हार्ड डिस्कची तबकडी बहुधा मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती वाचकाखाली येण्यास सरासरीने अर्धा फेरा, म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंद जातात. वाचक योग्य जागी सरकण्याचा वेळ निराळा. दोन्ही मिळून १० मिलिसेकंदांहून अधिक होतात. रॅममधून तीच गोष्ट मिळवायला मात्र सेकंदाचा एक कोटीवा भाग, म्हणजे सुमारे १०० नॅनोसेकंद पुरतात. फरक लाखपटीचा! टेबलावरची वही उचलायला एक सेकंद लागत असेल, तर कोठीतली आणायला एक लाख सेकंद, म्हणजे एक दिवस आणि वर पावणेचार तास लागतील. मधल्या काळात मोटार खड्ड्यात जाईल नाही तर काय होईल?

म्हणून गेम खेळताना रॅम भरत असेल, तर ती वाढवणे हा पहिला खर्च. इथे आणखी एक लाभ पदरात पडतो. या प्रोसेसरला रॅमकडे जाणारे दोन रस्ते असतात. एकच पट्टी लावली तर एकच रस्ता वापरात येतो. २१३३ या वेगाची डीडीआर-४ पट्टी सेकंदाला २१३.३ कोटी वेळा, दर वेळी ८ बाइट माहिती देऊ शकते, म्हणजे सेकंदाला सुमारे १७ अब्ज बाइट. त्याच आकाराची आणि वेगाची दुसरी पट्टी जोडीला आली, की हा आकडा ३४ अब्जांवर जातो. पट्टी घेण्यापूर्वी मदरबोर्डवर डीडीआर-३ चालते की डीडीआर-४, हे नक्की पाहा. त्यांच्या खाचा निराळ्या असतात. एकीच्या जागी दुसरी बसत नाही. आणखी एक सावधगिरी: रॅमचे भाव स्थिर नसतात. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड संगणकगृहांनी मागणी वाढवल्यामुळे २०२५ च्या अखेरीस ते झपाट्याने चढले. म्हणून चालू स्थितीतील जुनी पट्टी तपासून घेणे अनेकदा परवडते.

फिरत्या डिस्कऐवजी एसएसडी बसवली तर? तिच्यात फिरणारे काहीच नसते. माहिती इलेक्ट्रॉनिक पेशींत साठवलेली असते. त्यामुळे ती शोधण्याचा वेळ मिलिसेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत खाली येतो. संगणक सुरू होणे, गेम उघडणे, अभ्यासाची फाइल उघडणे ही सारी कामे झटपट होतात. पण इथेही हिशेब हवा. समजा, गेम उघडायला १०० सेकंद लागतात. त्यातले ८० डिस्कमुळे आणि २० प्रोसेसरमुळे. डिस्कचे काम आठपट वेगाने झाले तर ८० चे १० होतील आणि एकूण ३० सेकंद लागतील. डिस्क कितीही वेगवान आणली, तरी वेळ २० सेकंदांच्या खाली जाणार नाही. जीन अॅमडाल या संगणकतज्ज्ञाने १९६७ साली अशाच विचाराकडे लक्ष वेधले. ‘अॅमडालचा नियम’ म्हणून तो आज जगभर शिकवला जातो. आणि हेही ध्यानात ठेवा, की गेम एकदा सुरू झाला, की एसएसडीमुळे सेकंदाच्या फ्रेम सहसा वाढत नाहीत. मधेच बसणारे झटके मात्र कमी होतात.

आधी फुकटचे उपाय

खर्च करण्यापूर्वी एक काम केलेच पाहिजे, ते म्हणजे साफसफाई. आपल्याकडचा उन्हाळा आणि धूळ तुम्हाला सांगायला नको. कॅबिनेटमधील पंखे दिवसभर हवा ओढतात आणि हवेबरोबर धूळही. ती प्रोसेसरवरच्या धातूच्या पात्यांमध्ये नमद्यासारखी बसते. मग उष्णता बाहेर पडत नाही. तापमान शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास गेले, की प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग आपणच कमी करतो. म्हणजे यंत्र जुने झाले म्हणून नव्हे, तर त्याचा श्वास कोंडला म्हणून ते हळू चालते!

सफाई करताना वायर भिंतीतून काढा. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज निघून जाईल. मऊ ब्रशने किंवा हवेच्या झोताने धूळ काढा. त्या वेळी पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. प्रोसेसर आणि त्यावरील पात्यांमध्ये उष्णता वाहून नेणारी पेस्ट असते. काही वर्षांनी ती वाळते. ती नव्याने लावावी. हे काम मोठ्यांच्या देखरेखीखाली करा. विद्युतपुरवठ्याचा डबा, म्हणजे एसएमपीएस, मात्र कधीही उघडू नका. वायर काढल्यावरही त्यातील कपॅसिटरमध्ये धोकादायक वीज साठून राहू शकते.

आणखी एक गोष्ट तपासा. पडद्याची केबल ग्राफिक्स कार्डाला जोडली आहे ना? ती चुकून मदरबोर्डला जोडली असेल, तर विकत घेतलेले कार्ड बसूनच राहते आणि काम प्रोसेसरमधील लहानशा चित्रयंत्रणेवर पडते.

कार्ड घेताना विजेचा हिशेब

एवढे करूनही प्रयोगाने कार्डाकडेच बोट दाखवले, तर कार्ड बदलण्याचा विचार करावा. पण कार्ड घेण्यापूर्वी एसएमपीएसवरची चिठ्ठी वाचा. ‘४५० वॅट’ अशा मोठ्या अक्षरांवर जाऊ नका. ‘१२ व्होल्ट’च्या समोर किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहा. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट, हे तुम्ही शिकला आहात. तिथे २० अँपिअर असतील, तर प्रोसेसर आणि कार्ड यांच्या वाट्याला २४० वॅटच येतात; आणि चिठ्ठीवरचा आकडाही हलक्या डब्यात नेहमी खरा असतोच असे नाही.

मदरबोर्डवरील खाच कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट देते. आपले जुने कार्ड तेवढ्यातच भागवते. २०१९ चे ‘जीटीएक्स १६६० सुपर’ हे कार्ड १२५ वॅट घेते; त्याला एसएमपीएसकडून येणारी निराळी वायर लागते. ती नसेल तर आधी एसएमपीएस बदलावा लागेल आणि तो खर्च कार्डाच्या किमतीतच धरावा लागेल.

दुसरा एक सापळा सांगतो. कमी वीज घेणारे ‘आरएक्स ६४००’ हे कार्ड जुन्या संगणकासाठी अगदी सोयीचे वाटते. पण ते मदरबोर्डशी बोलताना सोळापैकी चारच मार्गिका वापरते. नव्या मदरबोर्डवर त्या चार मार्गिका वेगवान असतात. २०१५-१७ च्या सुमाराच्या मदरबोर्डवर त्यांचा वेग निम्माच राहतो. म्हणजे तेच कार्ड जुन्या घरात आपला पूर्ण गुण दाखवीत नाही. नवा भाग स्वतः किती चांगला आहे, एवढेच पुरेसे नसते. तो आपल्या साखळीत कसा बसतो, हे पाहावे लागते.

वापरलेली कार्डे पुण्याच्या बाजारात मिळतात. इथरियम या आभासी चलनाची कार्डांवरची ‘खाणकाम’ पद्धत सप्टेंबर २०२२ मध्ये बंद झाली, तेव्हा रात्रंदिवस राबलेली कितीतरी कार्डे जगभर विक्रीस आली. असे कार्ड वाईटच असते असे नाही. पण ते अर्धा तास गेमवर चालवून, पंख्यांचा आवाज ऐकून आणि तापमान पाहूनच पैसे द्यावेत.

खोडदच्या तबकड्यांचा धडा

“हे झाले खेळाचे,” असे कोणी म्हणेल. मग एक मोठे उदाहरण पाहू, तेही आपल्या जिल्ह्याच्या शेजारचे. नगर-कल्याण रस्त्याने आळेफाट्याला जाऊन नारायणगावकडे वळले, की जुन्नर तालुक्यातले खोडद जवळच आहे. तिथे डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेली जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, त्यांपैकी १४ मध्यभागी आणि बाकीच्या तीन दिशांना दूरवर पसरलेल्या. तबकडीचा पृष्ठभाग पत्र्याचा न करता तारांच्या जाळीचा केला. त्यामुळे वजन आणि खर्च दोन्ही कमी झाले.

ही दुर्बीण काही वर्षे चालल्यावर शास्त्रज्ञांपुढे आपलाच प्रश्न उभा राहिला. यंत्र जुने झाले. आता काय बदलायचे? तबकड्या उत्तम होत्या. तोकडे पडत होते ते त्यांच्या मागचे ग्राहक आणि गणनयंत्र. दुर्बीण एका वेळी ३२ मेगाहर्ट्‌झ रुंदीचाच पट्टा ऐकू शकत असे. म्हणून तबकड्यांचे सांगाडे तसेच ठेवून २०१० च्या दशकात ग्राहक आणि गणनयंत्रे टप्प्याटप्प्याने बदलली आणि हा पट्टा ४०० मेगाहर्ट्‌झपर्यंत नेला. साडेबारापट वाढ!

पण पट्टा रुंदावला की मोजणीही वाढते. प्रत्येक तबकडीचा संदेश दुसऱ्या प्रत्येक तबकडीच्या संदेशाशी ताडून पाहावा लागतो. ३० तबकड्यांच्या जोड्या किती? ३० गुणिले २९ भागिले २, म्हणजे ४३५. या ४३५ जोड्यांचे हिशेब क्षणोक्षणी करायचे. ठिपक्यांप्रमाणेच ही कामेही एकमेकांची वाट न पाहता करता येतात. मग ती कोणाकडे दिली? गेमची चित्रे रंगवण्यासाठी जे तंत्र वाढीस लागले, त्याच ग्राफिक्स गणकांकडे! तुमच्या गेममधील मोटार रंगवणारी विद्या खोडदला आकाशातील स्पंदक तारे शोधायला मदत करते. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास, म्हणजे फेब्रुवारीच्या अखेरीस, तिथे विद्यार्थ्यांसाठी प्रदर्शन भरते. जमेल तेव्हा अवश्य जाऊन या.

१२,००० रुपयांचे काय झाले?

आता राहुरीच्या घरात परत येऊ आणि आपल्या कल्पनेतील मुलाची वही पाहू. पहिल्या दिवशी सरासरी २८ फ्रेम आणि वारंवार झटके. पात्यांमधली धूळ काढून पेस्ट बदलली: ३३ फ्रेम, झटके तसेच. गेम चालू असताना रॅम ९७ टक्के भरलेली दिसली, म्हणून तशीच दुसरी ८ जीबीची पट्टी लावली: ३६ फ्रेम, झटके जवळजवळ गेले. फिरत्या डिस्कच्या जोडीला लहान एसएसडी बसवली: फ्रेम ३६ च, पण संगणक चटकन सुरू होऊ लागला आणि अभ्यासाचा वेळ वाचला. मग ठिपक्यांचा प्रयोग केला. १,२८० गुणिले ७२० वर ६२ फ्रेम आल्या. म्हणजे आता सर्वांत हळू कडी कार्डाची.

पण एसएमपीएसवरची चिठ्ठी पाहिल्यावर नव्या कार्डाबरोबर तोही बदलावा लागणार, असे दिसले. उरलेल्या पैशांत दोन्ही बसत नव्हते. मग त्याने काय केले? ठिपके १,६०० गुणिले ९०० केले. ते १४,४०,००० होतात, म्हणजे पूर्वीच्या सुमारे ७० टक्के. फ्रेम ५० च्या जवळ गेल्या आणि मोटार वळणावरून सुखरूप पुढे जाऊ लागली. उरलेले पैसे त्याने आईच्या हाती परत दिले, पुढच्या वर्षीच्या एसएमपीएससाठी. सुरुवातीलाच सगळे पैसे कार्डात घातले असते, तर तुटपुंज्या विजेवर संगणक मधेच बंद पडला असता आणि रॅम भरल्याचे झटके मात्र तसेच राहिले असते.

कधी थांबायचे, हेही माहीत असावे. या प्रोसेसरच्या मदरबोर्डवर त्याच्या किंवा त्यापुढच्या पिढीचा, आठ धागे चालवणारा ‘आय-७’ बसू शकतो. त्यापुढचे बसत नाहीत. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत हा प्रोसेसर नाही. लिनक्स ही मोफत प्रणाली हा एक मार्ग आहे. २०१८ पासून उपलब्ध असलेल्या ‘प्रोटॉन’ या साधनामुळे विंडोजचे पुष्कळ गेम तिच्यावर चालतात. काही ऑनलाइन गेम मात्र चालत नाहीत. प्रोसेसर, मदरबोर्ड आणि रॅम अशा तिन्ही गोष्टी एकदम बदलण्याची वेळ आली, तर मात्र ती दुरुस्ती नव्हे, नवा संगणकच झाला. त्यासाठी थोडे थांबून पैसे साठवलेले बरे.

तुम्ही करून पाहा

शाळेच्या संगणक कक्षात किंवा घरी एखादा संथ संगणक असेल, तर शिक्षकांच्या परवानगीने त्याची अशीच वही तयार करा. डावीकडे काय बदलले ते लिहा, मध्ये मोजलेला आकडा आणि उजवीकडे झालेला खर्च. प्रत्येक बदलाने आकडा किती वाढला, त्याला खर्चाने भागा. कोणता रुपया सर्वांत जास्त कामी आला, ते आपोआप दिसेल. एखाद्या बदलाने काहीच फरक पडला नाही, तर तेही लिहा. कडी तिथे नव्हती, हेसुद्धा एक उत्तरच आहे.

आणि पुढच्या वेळी कोणी म्हणाले, “हा डबा काढून टाका,” तर त्यांना नम्रपणे विचारा, “कोणता भाग हळू आहे, ते मोजून पाहिलेत का?”